पाटली

परवा नागपूरला जाऊन आले. तुम्ही म्हणाल, त्यात काय लिहायचं? शेंदूरजनाघाटहून वरूड, तिथून एसटीनं काटोलमार्गे नागपूर, अडीच-तीन तासांचा रस्ता. पण माझं नागपूर तसं राहूनच गेलेलं होतं. लग्नकार्य, दवाखाना, मुलाची मुलगी पाहायला, असं दहादा जाणं झालं. बघायला म्हणून कधीच नाही.

निमित्त नातीचं. तिला एम.एस्सी.ला तिथं प्रवेश मिळाला. फी, खोलीचं डिपॉझिट, गादी, बादली, पुस्तकं. यंदा आंबियाची फळगळ इतकी झाली की झाडाखाली सडा पडायचा आणि मुलगा अंगणात बसून नुसता बघायचा. तो "पाहू ना माय, होईल कसंबी" म्हणाला तेव्हाच मी कपाट उघडलं. आतल्या खणात रुमालात बांधलेल्या माझ्या दोन पाटल्या होत्या.

या पाटल्यांची गोष्ट सांगते. १९६५ साली मी मॅट्रिक झाले. आमच्या गल्लीत मुलींमध्ये पहिली. मला नागपूरला कॉलेजात जायचं होतं. बाबांनी त्या वर्षी मृगाची संत्री टोपल्यांत तणस घालून नागपूरच्या संत्रा मार्केटात नेली, भाव बरा लागला. बाबा परत आले ते इतवारीहून या पाटल्या घडवून घेऊन. म्हणाले, "पोरीच्या अंगावर सोनं पाहिजे." तीन वर्षांनी लग्न झालं. माझं कॉलेज माझ्या हातात घातलेलं आहे, असं मी कित्येक वर्षं मनात म्हणत आले. (तोंडाने कधी नाही.) पुढे मास्तरीण झाले, शाळा सांभाळून बहिःस्थ म्हणून मराठीत बी.ए. केलं. १९८३ साली अमरावतीचं विद्यापीठ झालं, त्याआधी आमचंही विद्यापीठ नागपूरच. पदवी टपालाने घरी आली. विद्यापीठ काही मी पाहिलं नाही.

असो. सकाळची एसटी पकडली. पंचाहत्तरीच्या वर असल्यामुळे मला तिकीट नाही, नातीला बाई म्हणून अर्धं. कंडक्टर म्हणाला, "आजी, तुमचं तं सरकारच चालवून राह्यलं." गणेशपेठला उतरलो. तर्री पोहे खाल्ले (डोळ्यांतून पाणी आलं, पण खाल्ले) आणि ऑटोनं महालात गेलो.

माझी अट होती की आधी मी राजधानी बघणार, मग खरेदी. नात हसली. "कशाची राजधानी आजी?" तिच्या पिढीला नागपूर म्हणजे मेट्रो आणि हिवाळी अधिवेशन. आम्ही वऱ्हाडातली माणसं १९५६पर्यंत याच शहराकडे राजधानी म्हणून पाहत होतो, मध्यप्रांत आणि वऱ्हाडची. त्याच्या आधी भोसल्यांची. आणि त्याच्याही आधी गोंड राजा बख्त बुलंद शहाची, ज्यानं हे शहर वसवलं. गांधी गेटपाशी मी बराच वेळ उभी राहिले. एवढी जाड दगडी कमान, आणि तिच्या खालून स्कूटरवाले हॉर्न वाजवत चाललेले. आत वाड्यांच्या गल्ल्या. बरेच वाडे पडून तिथं दुकानं आणि फ्लॅट झालेत. जे उरलेत त्यांच्या लाकडी खांबांना अजून हात लावावासा वाटतो.

तिसरे रघूजी १८५३ साली वारले आणि डलहौसीनं राज्य खालसा केलं, हे मी वर्गात पंचवीस-तीस वर्षं शिकवलं. पण राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला बाजारात विकायला काढले आणि जडजवाहीर कलकत्त्याला लिलावात गेलं, हे मी मुलांना कधी सांगत नसे. पुस्तकात नव्हतं. त्या दिवशी रुमाल पर्समध्ये घट्ट धरून उभी असताना मात्र तेच आठवत होतं.

आणि हो, आमची संत्री! दुसऱ्या रघूजींनी औरंगाबादहून संत्र्याची झाडं आणवली असं सांगतात. आता जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून आमच्या गावाची रोपं कुठं कुठं जातात, झाडं वाढतात वरूड-मोर्शीत, आणि नाव मात्र नागपुरी संत्रा! चालायचंच.

इतवारीत सराफ्यात एका जुन्या दुकानात गेलो. तिथल्या तरुण मुलानं पाटली मशीनमध्ये ठेवली आणि म्हणाला, "आजी, हे बावीस नाही. चौदा कॅरेट आहे. अठ्ठावन्न टक्के."

माझे हातपाय गार पडले. साठ वर्षं जिच्यावर राग धरला ती वस्तूसुद्धा खोटी? बाबांना कुणी फसवलं? नात म्हणाली, "आजी, तू काहून रडून राह्यली?" मी रडत नव्हते, पण बोलताही येईना.

गादीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी पाटली हातात घेतली, उलटीपालटी केली आणि विचारलं, "कोणत्या सालची?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग बरोबर आहे. हे मोरारजींचं सोनं. १९६३पासून चौदा कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायला बंदीच होती. १९६६ला उठली. किती सोनार बसले तेव्हा! तुमच्या वडिलांना कुणी फसवलं नाही बाई. त्या वर्षी कायद्यानं एवढंच मिळत होतं."

त्या वर्षी एवढंच मिळत होतं. मी ते वाक्य दोनदा ऐकलं.

तोळा लाखाच्या वर गेलेला. त्यामुळे चौदा कॅरेटची एक पाटलीही पुरली, घट धरूनसुद्धा. दुसरी मी परत रुमालात बांधली. नात म्हणे, दोन्ही ठेव, मी शिकवण्या घेईन. मी म्हटलं, तू गप्प बस.

मग अग्रसेन चौकातून मेट्रोनं सीताबर्डी. वरून सगळं शहर दिसतं. किल्ला लष्कराकडे आहे, वर्षातून मोजके दिवसच उघडतो, म्हणून लांबूनच पाहिला. १८१७ची लढाई याच टेकडीवर झाली. बर्डीच्या मेन रोडवर गादी, बादली, इस्त्री, चादरी असं काय काय घेतलं. भाव करायला मी, आणि "आजी, फिक्स रेट आहे" म्हणायला नात! चादरीचे साठ रुपये मी कमी केलेच. झिरो माइलचे चार घोडे आणि खांब पाहिला. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघाला.

शेवटी महाराजबागेसमोर विद्यापीठाची इमारत. नातीला कागद द्यायचे होते. ती आत गेली. मी फाटकाजवळ बादलीत चादरी घेऊन कठड्यावर बसले. मुलं-मुली येत-जात होती. एका मुलीनं विचारलं, "आजी, कुणासाठी थांबल्या?" मी म्हटलं, "माझंही हेच विद्यापीठ." ती म्हणाली, "हो? कोणती बॅच?" मी १९७४ सांगितलं. तिनं वाकून नमस्कार केला, घाईतच, आणि पळाली.

नातीला खोलीवर सोडून मी एकटीच परत आले. मुलगा वरूडच्या स्टँडवर घ्यायला आला होता. गाडीवर बसता बसता त्यानं माझ्या हातातल्या रुमालाकडे पाहिलं.

"माय, एकच? दुसरी कुठं आहे?"

"नागपुरात शिकून राह्यली," मी म्हटलं.