पौर्णिमेचं चार्जिंग

बोटीची बॅटरी पाण्यावर असताना सहसा मरत नाही. इंजिन चालू असतं, अल्टरनेटर तिला भरत असतो, कोणाचं ना कोणाचं लक्ष असतं. ती मरते बोट वर ओढल्यानंतर, नुसती पडून राहून. कोकणात हे पडून राहणं पावसाळ्याचं, मी आता राहतो त्या ओंटारिओत बर्फाचं. मग हंगामाच्या पहिल्या दिवशी किल्ली फिरवली की इंजिनातून ‘टक्’ असा एकच आवाज येतो आणि मालक बॅटरी बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. बनवणाऱ्याचा त्यात बहुतेक वेळा काही दोष नसतो.

माझे मामा हर्णैचे. त्यांची पहिली लाँच हँडल मारून सुरू व्हायची, तिला बॅटरी लागायची ती दिव्यापुरती. पुढे सेल्फचं इंजिन आलं, मग वायरलेस, मग जीपीएस, मग फिशफाइंडर. दर नव्या यंत्रामागे बॅटरीही मोठी होत गेली. बॅटरी म्हणजे तरी काय, ट्रकचीच. दापोलीच्या दुकानात जी मिळेल ती. दोन खलाशी दोरीच्या कड्यांत बांबू घालून ती खांद्यावरून आणायचे. 40-50 किलोचं धूड, त्यात आत ॲसिड, म्हणून तिरकी होऊ द्यायची नाही.

1 जून ते 31 जुलै आपल्याकडे यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. त्याच्या आधीच लाँच वर ओढून झावळ्यांनी शाकारायची. शाकारण्यापूर्वी जाळी, वायरलेस आणि बॅटऱ्या घरी यायच्या. जाळी माळ्यावर जायची, वायरलेस कपाटात, बॅटऱ्या पडवीत फळीवर. खाली जमिनीवर ठेवली की करंट जमिनीत उतरतो, असं गावात लहानथोर सगळे सांगत. पूर्वी बॅटरीची पेटी लाकडाची नाहीतर कडक रबराची असायची, तेव्हा बाहेर झिरपलेल्या ओलीतून थोडाफार करंट जातही असेल. आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीला जमिनीशी काही देणंघेणं नाही. तरी माझ्या टोरांटोच्या घरात तळघरातली बॅटरी फळीवरच असते. काही गोष्टींशी वाद घालत बसू नये.

मामांचं चार्जिंगचं वेळापत्रक पौर्णिमेचं. वटपौर्णिमेला मामी वडाला जायची आणि मामा चार्जर लावायचे. गुरुपौर्णिमेला पुन्हा एकदा. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शेवटचं चार्जिंग, मग बॅटरी लाँचवर आणि नारळ समुद्राला. अधिक श्रावण आला की मध्ये एक पौर्णिमा वाढायची, चार्जिंगही वाढायचं. भरतीओहोटी तिथीवर मोजणाऱ्या माणसाला महिना लक्षात ठेवायला दुसरं काय लागतं? पुढे मी पुस्तकांतून वाचलं की पडून असलेल्या साध्या बॅटरीला चार ते सहा आठवड्यांनी चार्जिंग द्यावं. मामा पुस्तकाच्या थोडे पुढेच होते.

चार्जिंग संपलं की माझं काम सुरू. हायड्रोमीटर म्हणजे काचेची जाड नळी, वर रबरी फुगा, खाली रबरी शेपटी, नळीच्या आत एक छोटा काचेचा तरंगा. बूच काढायचं, शेपटी सेलमध्ये बुडवायची, फुगा दाबून हळूच सोडायचा. ॲसिड वर चढतं, तरंगा हलतो, नळीच्या भिंतीला चिकटतो, मग बोटाने टिचकी मारून त्याला सोडवायचं आणि डोळा पातळीला आणून आकडा वाचायचा. दुकानदाराने सांगितलेला आकडा होता ‘बाराशे चाळीस’. सहा सेल, सहा वेळा तेच. पाच सेल बाराशे चाळीसच्या आसपास आणि एखादा बाराशेच्या खाली दिसला की मामा ‘हा बसतोय’ एवढंच म्हणायचे आणि खडूने पेटीवर फुली करायचे. ॲसिडचा थेंब चड्डीवर पडला तर त्या दिवशी काही दिसायचं नाही. कपडे धुऊन आले की तिथे भोक. माझ्या सगळ्या खाकी चड्ड्यांना श्रावणात अशी भोकं असायची.

पाणी घालायचं ते चार्जिंग झाल्यावर. चार्ज होताना आतलं द्रावण फुगतं, बुडबुडे येतात. आधीच गळ्यापर्यंत भरलं असेल तर ॲसिड बुचातून बाहेर येऊन फळी खाऊन टाकतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर तेवढ्या बुडतील इतकंच आधी, बाकी नंतर. आणि पाणी डिस्टिल्डच. पागोळ्यांचं पाणी भांड्यात धरून घालणारे शेजारी होते, विहिरीचं घालणारेही होते. विहिरीच्या पाण्यातलं लोह बॅटरीला आतून उतरवतं, क्षार प्लेटांवर बसतात. मामांना ही रसायनं ठाऊक नव्हती, पण विहिरीचं पाणी पिणाऱ्या बॅटऱ्या दर दोन वर्षांनी भंगारात जातात, हे त्यांनी पाहिलं होतं. एखादा खलाशी बिडी ओढत पडवीत आला तर मात्र आरडाओरडा व्हायचा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो हवेत चार टक्के झाला की ठिणगी पुरते.

ही शिशाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने 1859 साली बनवली आणि तिचा गाभा आजवर तोच आहे. एका बाजूला शिसं, दुसऱ्या बाजूला शिशाचा डायऑक्साइड, मध्ये पातळ गंधकाम्ल. वीज घेतली की दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेट बसतं आणि ॲसिड पातळ होतं, म्हणून तरंगा खाली जातो. चार्ज केली की सल्फेट विरघळतं. अट एकच, ते ताजं असलं पाहिजे. उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच ठेवली की बरणीतलं मीठ पावसाळ्यात दगड होतं तसे सल्फेटचे खडे बनतात आणि मग कुठलाही चार्जर त्यांना हलवू शकत नाही. बॅटरी न वापरताही उतरत राहते आणि उष्णता जास्त तितकी लवकर उतरते. तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट. जुलैतल्या हर्णैच्या दमट पडवीत जुन्या धाटणीच्या, अँटिमनी घातलेल्या प्लेटा महिन्यात डोळ्यांना दिसेल इतक्या उतरायच्या. म्हणून पौर्णिमा चुकवायची नाही.

पुण्यात नोकरीला होतो तेव्हाही घरात बॅटरी होतीच, भारनियमनाच्या काळातल्या इन्व्हर्टरची. बुचांवर लाल-हिरव्या खुणांचे तरंगे असलेली ती उंच ट्यूब्युलर बॅटरी मला ट्रकच्या बॅटरीपेक्षा गंभीर स्वभावाची वाटायची. ट्रकची बॅटरी काही सेकंद प्रचंड करंट देण्यासाठी बनवलेली असते, तिच्यात पातळ प्लेटा पुष्कळ. इन्व्हर्टरची तासन्‌तास थोडा थोडा करंट देते, तिच्या प्लेटा जाड. पहिलीला रोज निम्मी रिकामी केली तर ती काही महिन्यांत हात टेकते. बोटीसाठी बॅटरी निवडताना सगळा घोळ होतो तो इथेच.

आता लेक ओंटारिओवर माझी एक जुनी 26 फुटी शिडाची बोट आहे, लहान डिझेल इंजिनाची. ऑक्टोबरात क्रेन ती उचलून स्टँडवर ठेवते, इंजिनातून अँटिफ्रीझ फिरवायचं, वरून ताडपत्री ओढायची आणि मेपर्यंत रामराम. पहिल्याच वर्षी यार्डात दोन पंथ दिसले. एक म्हणतो बॅटरी घरी न्या, थंडीने मरते. दुसरा म्हणतो बोटीतच राहू द्या, काही होत नाही. कॉफीच्या कपावर हे भांडण दर शरदात होतं आणि दोघेही अर्धे बरोबर असतात.

पूर्ण भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे 50 अंशांनंतरही गोठत नाही. टोरांटोत जानेवारीत उणे 20 होतं, म्हणजे तिला काही धोका नाही. उलट थंडीत ती जवळजवळ उतरतच नाही, माझ्या उबदार तळघरापेक्षा बोटीतच ती सुखात राहते. पण उतरलेल्या बॅटरीत उरतं ते जवळपास पाणीच आणि ते उणे दहाच्या अलीकडेच गोठायला लागतं. थंडी भरलेल्या बॅटरीला सांभाळते आणि रिकामीला फोडते. शेजारच्या स्टँडवरच्या बोटीत मी हे पाहिलं. मार्चमध्ये ताडपत्री उघडली तर बॅटरीच्या दोन्ही बाजू पोटासारख्या फुगलेल्या आणि कोपऱ्यात चीर. मालकाने शरदात ती पूर्ण चार्ज केली होती, मुख्य स्विचही बंद केला होता.

मग ती रिकामी कशी झाली? बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा आपोआप चालणारा पंप बहुधा मुख्य स्विचला वळसा घालून थेट बॅटरीला जोडलेला असतो. तसाच असायला हवा, कारण माणूस घरी असताना बोट बुडू नये. त्याच वायरीवर कधी गॅसचा अलार्म असतो, कधी रेडिओची घड्याळ सांभाळणारी तार. असा काहीतरी 20 मिलिअँपिअरचा बारीक गळका नळ धरा. दिवसाला अर्धा अँपिअर-अवर, महिन्याला चौदा-पंधरा, पाच महिन्यांत सत्तरच्या वर. शंभर अँपिअर-अवरची बॅटरी जानेवारीच्या अखेरीला निम्म्याच्या खाली येते आणि कडाक्याची थंडी नेमकी तेव्हाच असते. मी केबलच काढून ठेवतो. आधी काळी, मग लाल, म्हणजे पाना घसरून इंजिनाला लागला तरी ठिणगी उडत नाही. टर्मिनलवरची हिरवट-पांढरी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायची, पुसून व्हॅसलीन लावायचं. चार तास विसावलेल्या बॅटरीवर मीटर 12.7 दाखवत असेल तर ताडपत्री खुशाल ओढावी.

इथल्या हायड्रोमीटरच्या कार्डावर भरलेल्या बॅटरीचा आकडा 1.265 आहे, मामांचा 1.240 होता. दोन्ही खरे. उष्ण मुलुखात ॲसिड मुद्दाम थोडं पातळ ठेवतात, प्लेटा लवकर झिजू नयेत म्हणून.

दुकानात गेलं की बॅटरीवर मोठ्ठ्या अक्षरांत छापलेला आकडा दिसतो तो कोल्ड क्रँकिंग अँपिअरचा, म्हणजे उणे 18 अंशांत ती 30 सेकंद किती करंट देईल तो. मोटारीसाठी ठीक आहे. उणे 18 ला तळ्यावर बोट चालवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. बोटींसाठी शून्य अंशाचा वेगळा मरीन आकडा असतो, तो साहजिकच मोठा दिसतो, आणि दोघांची तुलना करून लोक फसतात. दिवे, फ्रिज, उपकरणं चालवणाऱ्या बॅटरीसाठी यातला एकही आकडा कामाचा नाही. तिथे अँपिअर-अवर बघायचे आणि साध्या बॅटरीत त्यातले निम्मेच आपले समजायचे.

आता सगळे लिथियमच्या मागे आहेत. बोटीतलं लिथियम म्हणजे बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेट, जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून 1990च्या दशकात पुढे आलेलं. वजन कमी, जवळजवळ पूर्ण रिकामी करता येते, वर्षानुवर्षं टिकते. पण हिवाळ्याच्या बाबतीत तिने मामांचे नियम उलटे केले आहेत. तिला पूर्ण भरून ठेवलेलं आवडत नाही, निम्म्यावर ठेवायची. आणि शून्याच्या खाली चार्जर लावायचा नाही, आत धातूरूप लिथियम साचून ती कायमची बिघडते. चांगल्या बॅटरीतली इलेक्ट्रॉनिक पाटी अशा वेळी चार्जिंग अडवते, स्वस्तातल्या अडवतीलच असं नाही. शिशाच्या बॅटरीचा जुना चार्जर तिला तसाच लावून देणाऱ्यांना तर हात जोडावेत.

मला विचाराल तर, तीस फुटांच्या आतली बोट आणि वर्षातले पाच-सहा महिनेच वापर असेल, तर लिथियमचा खर्च निघत नाही. महिन्यातून एकदा बूच उघडून पाणी बघायची तयारी असेल तर साधी पाण्याची डीप सायकल, म्हणजे जाड प्लेटांची, बॅटरी घ्या, तिच्यासारखी स्वस्त आणि माफ करणारी दुसरी नाही. तयारी नसेल तर एजीएम जातीची बंद बॅटरी घ्या, दीडपट-दुप्पट पैसे मोजा; तिला पाणी लागत नाही, पडून राहिली तरी फार हळू उतरते, पण तीसुद्धा पूर्ण भरूनच ठेवायची. इंजिनाची बॅटरी आणि घरगुती वापराची बॅटरी वेगळ्या ठेवा, एकीने दगा दिला तर दुसरीने किनारा गाठता येतो. हर्णै, मिरकरवाडा, मालवण, कुठेही ट्रकची बॅटरी वापरणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे: लाँच शाकारायच्या आधी पंपाची वायर सोडवा आणि बॅटरी भरून घरी न्या. वटपौर्णिमा कॅलेंडरवर छापलेलीच असते.