दुसरी चावी

आपल्या आजी-आजोबांच्या घरात चावीला फारसे काम नव्हते. कुलूप लावून ठेवावे असे घरात होतेच काय? एक लोखंडी पेटी, तिच्यात दोन लुगडी आणि कागदांची पिशवी. बाबासाहेबांनी दाखवलेल्या वाटेने आपण शिकलो, नोकऱ्या-कामधंद्याला लागलो, आणि आज वस्तीत कुणाच्या दारात स्कूटर, तर कुणाच्या दारात जुनी मोटार उभी दिसते. वस्तू घरात आली की ती सांभाळायचेही शिकावे लागते. म्हणून आज चावीविषयी चार शब्द लिहिते.

आमच्याकडे २००२ सालची मारुती ८०० आहे. २०१६ साली ती जुनीच घेतली, माझ्या नावावर. पंधरा वर्षे भरली तेव्हा २०१७ मध्ये, आणि नंतर २०२२ मध्ये, आरटीओत तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणी वाढवून घेतली. कंपनीने हे मॉडेल २०१४ सालीच बंद केले. पण गाडी सांभाळली तर चालते. गाडी घेतली तेव्हा तिच्यासोबत चावी मात्र एकच मिळाली. पहिल्या मालकाकडे दुसरी नव्हती.

सासूबाईंचे डायलिसिस सुरू झाले तेव्हा त्या एका चावीची किंमत कळली. आठवड्यातून दोन दिवस त्यांना दवाखान्यात न्यावे लागते. आमच्या मुलीने लायसन्स काढले आहे, ती नेते. हे बुटीबोरीला पाळीत कामाला आहेत, कंपनीच्या बसने जातात. एका मंगळवारी चावी ह्यांच्या खिशातच राहिली आणि बुटीबोरीला पोचली. गाडी दारात उभी, आणि सासूबाई अंगणात खुर्चीवर बसलेल्या. शेवटी ऑटोने नेले. दवाखान्यात पोचायला उशीर झाला, पण डायलिसिस झाले. त्याच दिवशी ठरवले की दुसरी चावी करायचीच.

मुलीला घेऊन आधी एका मोठ्या गॅरेजात गेले. आमच्या पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांना चावी करून हवी होती. त्यांची गाडी कोणती एवढेच विचारले आणि काम लिहून घेतले. आमची पाळी आली. आरसी पाहिली, तिच्यावरचा वस्तीचा पत्ता पाहिला, आणि प्रश्न सुरू झाले. गाडी कुठून आणली? मालक कुठे आहेत? मी म्हटले, मालक मीच, नाव वाचा. तरी तिसऱ्यांदा विचारले, ‘घरातले कुणी माणूस नाही का आले?’ मुलगी आवाज न चढवता म्हणाली, ‘साहेब, पुढच्या काकांना कागद मागितला नाही. आम्ही तर मागण्याआधीच दिला.’ त्यावर उत्तर आले नाही. आम्ही कागद उचलले आणि बाहेर पडलो.

नंतर बाजारातल्या फुटपाथवरच्या चावीवाल्याकडे गेलो. त्यानेही आधी आरसीच मागितली. ‘ताई, राग मानू नका. कागद पाहिल्याशिवाय मी कुणाचीच गाडीची चावी करत नाही.’ त्याच्याकडे एक वही होती. तिच्यात गाडीचा नंबर, नाव आणि तारीख लिहिली. वरच्या ओळींत आणखी कितीतरी नंबर होते. मला राग आला नाही, उलट बरे वाटले. विचारण्यात अपमान नसतो. सर्वांना सोडून फक्त आपल्यालाच विचारण्यात अपमान असतो. संविधानाच्या कलम १४ मधली समानता त्या फुटपाथवरच्या वहीत पाहायला मिळाली. न दिलेली वस्तू घेऊ नये हे आपले दुसरे शील. चोराच्या हाती चावी जाऊ नये म्हणून जो जपतो, त्याचा धंदा ही सम्यक आजीविकाच.

त्याचे काम पाहण्यासारखे होते. यंत्राच्या एका चिमट्यात आमची चावी, दुसऱ्यात कोरी. जुन्या चावीच्या दातांवरून एक टोक फिरते, आणि त्याच चढउताराने फिरते चाक कोरी चावी कापते. पण कापण्याआधी त्याने एक गोष्ट सांगितली. जुनी चावी झिजलेली असते. तिची नक्कल केली तर झीजही उतरते. म्हणून दात थोडे बघून, कानशीने घासून, तीन-चार वेळा दारात आणि स्टार्टरला लावून पाहिले. चावी अडली तर जोर करू नका, आत तुटली तर खर्च वाढतो, असेही बजावले. कुलपात तेल ओतू नका, तेलाला धूळ चिकटते. पेन्सिलीतल्या शिशासारखी ग्राफाइटची भुकटी चालते. सगळे मिळून दीडशे रुपये झाले.

एकही चावी नसेल तर काम अवघड होते. तेव्हा दाराचे कुलूप काढून आतल्या पट्ट्या बघाव्या लागतात, किंवा कोरी चावी दिव्यावर काळी करून कुलपात फिरवायची, खूण उमटेल तिथे घासायचे, असे करत बसावे लागते. नव्या गाड्यांच्या चावीत तर चिप असते. नुसती कापलेली चावी दार उघडते, पण गाडी चालू होत नाही. गाडीला नव्या चिपची ओळख करून द्यावी लागते. म्हणून एक चावी हातात आहे तोवरच दुसरी करून घ्यावी. जुनी गाडी घेताना किती चाव्या आहेत ते विचारावे, आणि चावीचा नंबर असलेली पत्र्याची पट्टी मिळाली तर जपून ठेवावी. ती किंवा आरसी कधीही गाडीत ठेवू नये.

आता एक चावी ह्यांच्याकडे आणि एक मुलीकडे असते. हे आधी म्हणाले होते, ‘मी आहे ना, दुसरी कशाला?’ पण माणूस कामावर असतो, आजारी पडतो. बाबासाहेबांनी राजकीय सत्तेला गुरुकिल्ली म्हटले, ते मोठ्या अर्थाने. घरातली सत्ताही छोट्या चाव्यांतच असते. कपाटाची, पेटीची, गाडीची चावी एकाच खिशात राहिली की बाकीचे दाराशी थांबून राहतात. भगिनींनो, आज रात्री घरातल्या चाव्या मोजा. जिथे एकच असेल तिथे दुसरी करून घ्या, आणि ती कुणाच्या हाती द्यायची ते सगळ्यांनी बसून ठरवा.