भीड चेपली की धीर आला?

परवा एका पोस्टमध्ये वाचलं, 'मोर्चानंतर बीडच्या लोकांची भीड चेपली.' मोर्चा म्हणजे २८ डिसेंबर २०२४ चा, मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या ९ डिसेंबरच्या हत्येनंतर निघालेला. भावना बरोबर, शब्द चुकला.

भीड म्हणजे संकोच, मुरवत. लेकरू शाळेत दोन-तीनदा भाषणाला उभं राहिलं की त्याची भीड चेपते, चांगलंच आहे. पण पहिली खंडणी मागितली अन् कुणीच तक्रार केली नाही, तर मागणाऱ्याचीही भीड चेपते. पुढं तो सोकावतो. 'सोकावणं' मात्र कौतुकानं कुणी म्हणत नाही.

लोकांना संकोच कुठं होता हो, भीती होती. भीती सरली की धीर येतो. मोर्चात आजूबाजूला एवढी माणसं दिसली, तेव्हा आपल्याला धीर आला.

मीही बरीच वर्षं 'आपल्याला काय करायचंय' म्हणत गप्प बसलो. तेवढ्यानं कुणाची तरी भीड चेपली असंल.

तेव्हा मंडळी, शब्द जपून वापरा. आपण गप्प बसलो की त्यांची भीड चेपते, बोललो की शेजाऱ्याला धीर येतो.