मुठीवरचं गोंदण

जून महिन्यात अलास्कातल्या अँकरेजला रात्री अकरा वाजताही उजेड असतो. आपल्याकडच्या दिवेलागणीच्या वेळेसारखा, पण दिवे लावायची वेळ काही केल्या येत नाही, असा. त्या उजेडात मामेबहिणीच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याशी बसून मी तो चाकू पहिल्यांदा हातात घेतला. ती म्हणाली, “अगं, नीट बघ. घाई करू नकोस.” आणि ती भांडी विसळायला लागली.

चाकू घडीचा आहे. मिटल्यावर जेमतेम माझ्या तळहाताएवढा. दोन्ही टोकांना पितळ आणि मध्ये, मुठीच्या दोन्ही अंगांना, वॉलरसच्या सुळ्याच्या पातळ पट्ट्या बसवलेल्या. रंग जुन्या सायीचा. एका बाजूला बर्फाच्या लादीवर तीन वॉलरस पहुडले आहेत. कडेच्या दोघांच्या मिशांचा केस न् केस वेगळा कोरलेला आहे. मानेपाशी कातडीच्या वळ्या आहेत, आणि लादीखालचं पाणी चार-पाच आडव्या रेघांत इतकं थंड उतरलंय की बोट ठेवायला धजत नाही. दुसऱ्या बाजूला कातड्याची नाव आहे. सहा जण वल्ही मारताहेत आणि पुढे एक जण भाला उगारून उभा आहे. त्याचं तोंड दिसत नाही, कारण टोपीची लोकर वाऱ्याने पुढे आली आहे. कोपऱ्यात दोन अक्षरं आणि ७८ हा आकडा. १९७८.

हा चाकू शेजारच्या आजोबांचा. त्यांचं सगळं आयुष्य मासेमारीत गेलं. ७८च्या उन्हाळ्यात ते नोम गावी होते आणि तिथल्या फ्रंट स्ट्रीटवर एका इनुपियात, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या, कलाकाराच्या हातून त्यांनी तो घेतला. पातं कारखान्यातलं, मूठ त्या माणसाने स्वतः बसवलेली आणि स्वतः कोरलेली. गेल्या वर्षी आजोबा मुलीकडे राहायला गेले. जाताना त्यांनी जुना चाकूसंग्रह विकून टाकला. एवढा एक मात्र त्यांनी माझ्या बहिणीच्या हातात ठेवला. दोन हिवाळे ती त्यांना डबा देत होती.

या कलेला स्क्रिमशॉ म्हणतात. मला तो शब्द तोंडात बसवायला वेळ लागला, पण कृती ऐकताच ओळखीची वाटली. सुळ्याचा पृष्ठभाग आधी घासून घासून आरशासारखा गुळगुळीत करायचा. तो तसा झाला नाही तर रंग भलत्याच ठिकाणी शिरतो आणि डाग पडतो. मग सुईसारख्या टोकाने रेघा ओढायच्या, ठिपके टोचायचे. या वेळी चित्र जवळजवळ दिसतच नाही, पांढऱ्यावर पांढरं. मग वरून काजळी किंवा शाई चोळायची आणि फडक्याने पुसून टाकायची. गुळगुळीत भागावरची काजळी निघून जाते, टोचलेल्या जागी राहते. आणि एका पुसण्यासरशी वॉलरस उमटतो.

माझ्या आजीच्या हातावर तुळस होती. हनुवटीवर एक हिरवट ठिपका. गोंदणारीण दारावर यायची. सुया, काजळ, आणि रडू नये म्हणून हात धरून ठेवणाऱ्या बायका, असं सगळं आजी सांगायची. दागिने मोडावे लागतात, विकावे लागतात, चोरीला जातात. गोंदण तेवढं मेल्यावर बरोबर येतं, असा तिचा विश्वास होता. ओट्याशी बसून त्या मुठीवर बोट फिरवताना मला आजीचा हात आठवला. हे गोंदणच आहे. फक्त कातडीवरचं नाही, दातावरचं.

पुढे वाचताना कळलं की इनुपियात बायकाही हनुवटीवर गोंदवून घेत असत: उभ्या रेघा, काजळी लावलेला दोरा सुईने कातडीखालून ओढून. मिशनऱ्यांनी ते बंद पाडलं. गेल्या काही वर्षांत त्यांच्या नाती-पणती पुन्हा हनुवटीवर त्या रेघा काढून घेऊ लागल्या आहेत. तेव्हा सुई, काजळी आणि धीर यांचं नातं त्या लोकांच्या हाताला जुनं आहे. मुठीवर चित्र काढणाऱ्या त्या माणसाच्या आजीच्या हनुवटीवरही कदाचित रेघा असतील. हा माझा तर्क, पण तो सोडून द्यायचं माझ्या जिवावर येतं.

वॉलरसचा सुळा हत्तीच्या सुळ्याहून वेगळा कसा, हे बहिणीने मला भिंगातून दाखवलं. बाहेरचा थर एकसारखा, घट्ट. आतला गाभा मात्र भिजवलेला साबुदाणा एकमेकाला चिकटावा तसा दिसतो, अर्धपारदर्शक दाण्यादाण्यांचा. पट्टीच्या एका कडेला तो गाभा किंचित उघडा पडला आहे. प्लॅस्टिकच्या नकलेत हे साधत नाही. नर आणि मादी दोघांनाही सुळे असतात. मोठ्या नराचे तीन फुटांपर्यंत जातात. ते बर्फात रोवून हा अजस्र प्राणी पाण्यातून स्वतःला वर ओढून घेतो. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच मुळी दातांवर चालणारा असा आहे. म्हणजे ज्या दाताने तो बर्फावर चढला, त्याच दातावर तो बर्फावर चढलेला कोरला आहे. हे लक्षात आलं तेव्हा मी चाकू खाली ठेवला आणि थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही अँकरेजच्या संग्रहालयात गेलो. स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालय-संस्थेकडच्या अलास्कातल्या सहाशेहून अधिक वस्तू २०१०पासून इथे आणून ठेवल्या आहेत. मला तिथे भोक पाडायच्या सामत्याचं धनुष्य पाहायचं होतं. सुळ्याची एक लांब, किंचित वाकलेली काडी. तिच्या दोन टोकांना चामड्याची दोरी. दोरीचा वेढा सामत्याला द्यायचा, सामत्याचं वरचं टोक दातांत धरलेल्या ठोकळ्याने दाबायचं आणि धनुष्य पुढे-मागे ओढायचं. त्याने भोक पडायचं आणि विस्तवही पेटायचा. एवढं कामाचं हत्यार, आणि त्याच्या अरुंद अंगांवर ओळीने चित्रं: नावा, व्हेल, रेनडिअरचे कळप, घरांवर उभी असलेली माणसं, नाच. १८२६ आणि १८२७मध्ये ‘ब्लॉसम’ जहाजाचे कप्तान बीची कोत्झेब्यूच्या आखातात आले, तेव्हा त्यांच्या लोकांनी अशी धनुष्यं मिळवून नेली. म्हणजे व्हेलची शिकार करणारी अमेरिकी जहाजं बेरिंगच्या सामुद्रधुनीत शिरण्याच्या आधीपासून हे लोक सुळ्यावर आपला संसार कोरत होते. ती जहाजं आली १८४८पासून. त्यावरचे खलाशी व्हेलच्या दातांवर शिडाची जहाजं आणि घरच्या बायका कोरून दिवस काढत. दोन गोंदणं समोरासमोर आली ती तिथे.

पण त्या जहाजांबरोबर भूकही आली, हे विसरून चालणार नाही. व्हेल कमी मिळू लागल्यावर त्यांनी तेलासाठी आणि सुळ्यांसाठी वॉलरस हजारोंनी मारले. ज्यांचं जेवण, नावेचं कातडं आणि ढोलकाचा पडदा त्याच प्राण्यापासून येत होता, त्यांच्या ताटातलं ते उचललं गेलं.

या दोन परंपरा ज्याच्या हातात एक झाल्या, त्याचं नाव अंगोक्वाझुक. खलाशी त्याला हॅपी जॅक म्हणत. केप नोमजवळच्या वस्तीतला हा मुलगा. बर्फात पाय गोठून त्याची पावलं गेली. जिथे शिकारीवाचून पुरुषाला उभं राहायला जागा नाही, तिथे त्याने सुई हातात घेतली. १८९०च्या दशकात तो व्हेल-शिकाऱ्यांच्या जहाजावर गेला, सॅन फ्रान्सिस्को पाहून आला, खलाशांचं बारीक काम त्याने डोळ्यांत साठवलं. पुढे नोमला सोन्यासाठी माणसांचा लोंढा आला आणि त्याच्या सुळ्यांना गिऱ्हाईक मिळालं. छायाचित्र समोर ठेवून तो माणसाचा चेहरा सुळ्यावर उतरवी, गालाची छटा ठिपक्यांनी, डोळ्यातली चमक जागा कोरी सोडून. जुन्या धनुष्यांवरच्या काडीसारख्या माणसांना त्याच्या हातून चेहरे आले. १९१८च्या इन्फ्लुएंझात तो नोमला वारला. आपल्याकडे जिला मानमोडी म्हणत, तीच साथ. त्या साथीने त्या किनाऱ्यावरच्या वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या केल्या. मुंबईच्या चाळींतून आणि बेरिंगच्या किनाऱ्यावरून एकाच वर्षी माणसं तशीच उचलली जात होती, हे आजवर माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

माझ्या चाकूवरचा ७८ सालचा माणूस त्याच रांगेतला. माझ्या म्हणजे बहिणीच्या. त्याच्याविषयी आजोबांनी एवढंच सांगितलं होतं, की तो फारसं बोलला नाही आणि किमतीत घासाघीस करून दिली नाही. मला ते ऐकून बरं वाटलं. नोमची एक गोष्ट मात्र मी पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणते. किंग आयलंड नावाचं बेट आहे, समुद्रातून उभा उठलेला कडा. त्याच्या उतारावर खांबांवर टेकवलेली घरं. तिथली इनुपियात माणसं उन्हाळ्यात कातड्याच्या नावांतून नोमला यायची आणि किनाऱ्यावर त्याच नावा कुशीवर कलंडवून त्यांच्या आडोशाला बसायची. वर नाव, खाली माणूस, मांडीवर सुळा, हातात कानस. पांढरा भुसा अंगावर उडतोय, मुलं खेळताहेत, बोटीतून उतरलेले प्रवासी पुढ्यात उभे राहून बघताहेत. जी नाव चित्रात कोरायची, तिच्याच सावलीत. १९५९मध्ये बेटावरची शाळा बंद झाली, आणि दहा वर्षांच्या आत बेटावर वस्ती राहिली नाही. घरं अजून कड्याला धरून आहेत म्हणतात, वाकलेली.

मला तो चाकू घरी आणावासा वाटला नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. बहीण द्यायलाही तयार होती. पण सुळा देशाबाहेर न्यायचा तर परवाने लागतात, आणि ते लागावेत असंच मला वाटतं. १९७२च्या कायद्याने अमेरिकेत सागरी सस्तन प्राण्यांच्या शिकारीला बंदी आली. किनाऱ्यावर राहणाऱ्या अलास्काच्या मूळ रहिवाशांना तेवढी मुभा राहिली, पोटासाठी आणि परंपरागत हस्तकलेसाठी. मांस फेकून देऊन नुसता सुळा काढून घ्यायचा नाही, हेही त्यात आलं. मग हत्तींची कत्तल थांबवण्यासाठी एकेका राज्याने हस्तिदंताच्या विक्रीवर बंदी आणली, आणि २०१६पासून कॅलिफोर्नियात तीत वॉलरसचा सुळाही आला. मी हत्तींच्या देशातली आहे. हस्तिदंताची बांगडी कुणाच्या हातात दिसली तर माझी नजर वळते. तरीही मला वाटतं, ज्या गावाने प्राणी मारला, खाल्ला, जे त्याच्या कातड्याच्या नावेत बसून समुद्रावर गेलं आणि ज्याने उरलेल्या दातावर त्याचंच चित्र काढलं, त्या गावाला हत्तीच्या चोरट्या शिकाऱ्याच्या पंगतीला बसवणं अन्यायाचं आहे. लांबच्या शहरात केलेल्या चांगल्या कायद्याचा फटका कधीकधी नेमका चुकीच्या ओट्यावर बसतो.

आणि त्या लादीचं काय? वॉलरसच्या माद्या पिलांना घेऊन उन्हाळ्यात तरंगत्या बर्फावर विसावतात. बर्फ किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यावर मागे हटू लागल्यावर त्या जमिनीवर येऊ लागल्या. २०१४च्या सप्टेंबरात पॉइंट ले या इनुपियात गावाजवळ सुमारे ३५,००० वॉलरस एकाच किनाऱ्यावर गोळा झाले होते. छायाचित्रात तो किनारा तपकिरी दिसतो. मुठीवर मात्र तिघे आपल्या लादीवर ऐसपैस आहेत. ७८ सालचा बर्फ.

जुने चाकू जमवणाऱ्यांची एक शिस्त असते. अशा मुठीला उघडा हात लावायचा नाही, लावलाच तर लगेच पुसायचं. चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षं ठेवायचं नाही, पितळेवर हिरवा कळंक चढतो आणि सुळ्यावर चामड्याचा डाग उतरतो. हवा एकदम कोरडी झाली की सुळा तडकतो. हे सगळं खरं आहे. पण मला बहिणीने सांगितलेली आणखी एक गोष्ट जास्त आवडली. सुळा अंधारात पिवळा पडतो. पेटीत जपून, कापसात गुंडाळून ठेवलेला जास्त पिवळा. उजेडात तो गोरा राहतो.

आणि या मुठीत एक खोट आहे. मधल्या वॉलरसच्या मिशा पुसट झाल्या आहेत. भिंगातून पाहिलं तर रेघांचे तळ तेवढे शिल्लक दिसतात. आजोबा हा चाकू वापरत होते. चाळीसेक वर्षं जाळ्याची दोरी कापताना त्यांचा अंगठा तिथे टेकत आला. संग्राहक म्हणेल, किंमत उतरली. माझ्या आजीची तुळसही शेवटी शेवटी अशीच झाली होती. हात सुरकुतला तशी पानं एकमेकांत मिसळली, वृंदावनाच्या रेघा फाकल्या. मी लहानपणी त्यावर बोट ठेवून विचारायचे, हे काय आहे? ती हसायची. तिला दिसत असायचं.

निघायच्या आदल्या रात्री मी आणलेलं गोड्या मसाल्याचं पुडकं तसंच राहिलं होतं. आईने घट्ट सुतळी बांधून, वर दोन गाठी मारून दिलेलं. बहिणीने कात्री शोधली, सापडली नाही. मग तिने मला तो चाकू पुढे केला. मी पातं उघडलं. बारीक टक् असा आवाज झाला. मूठ हातात आली तशी नाव तळहातात नाहीशी झाली, भालेकरी नाहीसा झाला, आणि अंगठा आपोआप त्या पुसट जागी जाऊन टेकला. आजोबांच्या अंगठ्याने माझ्यासाठी खळगा करून ठेवला होता. सुतळी एका ओढीत तुटली. दगडफूल आणि खोबऱ्याचा वास ओटाभर पसरला.

बहिणीने पातं फडक्याने पुसलं, मूठ पदराने पुसावी तशी हलकेच ओढणीच्या टोकाने पुसली आणि चाकू मिटला. पेटी उघडीच होती. तिने ती बंद केली, आणि चाकू खिडकीच्या फळीवर ठेवला, उन्हापासून जरा आत, वॉलरस वर येतील असा. बाहेर अकरा वाजून गेले होते आणि उजेड होता.