डाउनलोड सोडून सगळं

मागच्या महिन्यात जळकोटला गेलो तर अण्णांनी दारातच सांगितलं, "तुझा कॉम्प्युटर टकटक करायलाय. मी बंद करून ठेवलाय बघ."

तुझा म्हणजे खरं तर त्यांचाच. बिघडला की तो माझा होतो, एवढंच.

टकटक म्हणजे हार्ड डिस्क गेली. पण मी निवांत होतो. लिनक्स टाकून दिलं तेव्हाच दर रविवारी आरसिंक चालेल आणि सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरेल अशी सोय केली होती. दुसऱ्या दिवशी सोलापूरहून नवी एसएसडी आणली आणि लाइव्ह यूएसबीवरून मशीन सुरू केलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बघून अण्णा म्हणाले, "हे काय, चित्रं कुठं गेली?"

मग नेहमीचं काम. नव्या डिस्कवर पार्टिशन पाडलं, फॉरमॅट केलं, माउंट केलं आणि आरसिंक उलट्या दिशेने चालवलं: बॅकअपकडून डिस्ककडे. यात दोन गोष्टी सांभाळायच्या. एक म्हणजे फायलींचे मालक आणि परवानग्या जशाच्या तशा यायला हव्यात. दुसरी, सोर्सच्या नावापुढची तिरकी रेघ. ती राहिली की सगळं एका जादाच्या फोल्डरमधे जाऊन बसतं. दोन तास ओळी सरकत होत्या. मग एफएसटॅबमधे जुन्या डिस्कचा यूयूआयडी खोडून नव्याचा लिहिला. हे विसरलं तर सगळं जागेवर असूनही मशीन गेलेल्या डिस्कलाच शोधत बसतं. शेवटी सीएचरूट करून ग्रब बसवला आणि रीस्टार्ट केलं.

सुरू झालं! वॉलपेपरसुद्धा तोच. मी चहा मागितला.

अण्णांनी माउस हातात घेतला, इकडेतिकडे फिरवला आणि विचारलं, "आक्काचं बोलणं कुठाय?"

आक्का म्हणजे माझी आत्या. सास्तूरला दिलेली. दोन वर्षांपूर्वी गेली. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे 3:56ला भूकंप झाला तेव्हा ती त्या माळवदाच्या घरात होती. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं वजन, त्यामुळे माणसं झोपेतच गाडली गेली. त्या रात्रीबद्दल ती कधी बोलायची नाही. शेवटी शेवटी अण्णांशी बोलली आणि अण्णांनी ते फोनवर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर घेतलं होतं. चार फायली.

"कुठे ठेवल्या होत्या?"

"डाउनलोडमधे. माझं सगळं तिथंच असतंय."

मी स्क्रिप्ट उघडली. एक्सक्लूडची ओळ माझ्याच हाताची होती. डाउनलोडमधे कचरा असतो, कशाला जागा अडवायची, असं मीच ठरवलं होतं. अण्णांना न विचारता. फोनही मधे बदलला होता, त्यामुळे तिथेही काही नव्हतं.

मग ती टकटक करणारी डिस्क परत जोडली आणि डीडीरेस्क्यू लावलं. हे टूल समंजस आहे. जे सहज वाचता येतं ते आधी उचलतं, अडलेल्या जागी हट्ट धरत नाही, नंतर परत येतं. काय झालं, काय राहिलं याची नोंद मॅपफाइलमधे ठेवतं. रात्री दोनदा लाईट गेली, पण नोंद बाहेरच्या डिस्कवर असल्यामुळे प्रत्येक वेळी होतं तिथून पुढे चालू झालं. अण्णा आत झोपले नव्हते, हे मला कळत होतं.

सकाळी तीन फायली वाजल्या. आक्काचा आवाज घरात आला तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. चौथी फाइल नावाला आहे. आकार बरोबर, तारीख बरोबर, आत नुसते शून्य.

मला काय बोलावं सुचेना. जरा वेळाने अण्णाच म्हणाले, "चौथ्यात जात्याचं होतं. ढिगारा उपसताना तिच्या सासूचं जातं सापडलं. दोन्ही तळ्या शाबूत, खुंटा तेवढा नव्हता. आक्कानं नवा खुंटा बसवून घेतला आणि पत्र्याच्या शेडमधी त्याच्यावरच दळलं."

मी फोन काढला आणि म्हणालो, "अण्णा, परत सांगा." त्यांनी परत सांगितलं. आक्काचा आवाज त्यात नाही, आणि तिने सांगितलेलं बरंचसं नसणारच. पण आहे ते आता तीन ठिकाणी आहे. एक्सक्लूडची ती ओळ काढून टाकली. बॅकअपमधून एखादी फाइल परत आणून बघायचं, हे आता दर दिवाळीला करायचं ठरवलंय.

आणि घरच्यांना एक विनंती. कुणाच्या जुन्या फोनमधे आक्का बोलताना असेल, लग्नातलं, बारशातलं, कसलंही, तर पाठवा. काय ठेवायचं आणि काय नाही, ते मी ठरवणार नाही.