खाडाखोड

मनगटाचं प्लास्टर निघालं, तरी पेन धरला की बोटं अजून थरथरतात. म्हणून सध्या बारामतीच्या घरी बसून मुलांचं लिखाण नुसतं ऐकते. शाळेत न जाता घरीच शिकणारी ही मुलं संध्याकाळी मोबाइलवर जमतात. इंदापूरकडच्या एकीची रेंज गेली की तिचं वाक्य अर्ध्यातच तुटतं, आणि मी ते रात्री उशिरापर्यंत मनात पुरं करत राहते.

परवा तिनं भिगवणच्या रोहित पक्ष्यांवर लिहिलं. उजनी धरणाचं पाणी ओसरलं की ते उथळ पाण्यात मान खाली घालतात, चोच उलटी धरून अन्न गाळून घेतात. लिहून झाल्यावर तिनं वही कॅमेऱ्यासमोर धरली. दोन ओळी खोडल्या होत्या. खालची अक्षरं तरीही वाचता येत होती. मी कितीतरी वेळ त्या ओळींकडेच पाहत राहिले. टाइप केलेल्या मजकुरात अशी खाडाखोड उरत नाही.

पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून तिला दहावी देता येईल. त्यासाठी वयाची १४ वर्षं पूर्ण असावी लागतात. परीक्षेची काळजी मला नाही. शेजारच्या बाकावरून वहीत डोकावणारं तिला कुणी नाही, याचीच हुरहुर वाटते. ती जागा मोबाइल भरून काढतो का, अजून कळलेलं नाही.

तुमच्या ओळखीत घरी शिकणारं मूल असेल, तर त्याला वहीत लिहू द्या. आणि खोडलेलं पान फाडू देऊ नका.