चर्च न सोडलेली गायिका

धर्मगुरूपणाच्या पहिल्याच वर्षी मी एका तरुणाला गायनवृंदातून वगळले. लग्नाच्या बॅण्डमध्ये गाणारा गळा उपासनेत नको, असे माझे मत होते. पुढे अरेथा फ्रँकलिन ऐकली आणि ते मत ढासळले.

१९४२ साली मेम्फिसमध्ये जन्मलेली अरेथा डेट्रॉइटमध्ये आपल्या बाप्टिस्ट पाळक पित्याच्या चर्चमध्ये गाऊ लागली. १९६० मध्ये कोलंबिया कंपनीने तिला करारबद्ध केले. पण तेथील सुबक वाद्यमेळात तिचा आवाज झाकोळला. १९६७ मध्ये अटलांटिक कंपनीने तिला पियानोवर बसवून मोकळेपणाने गाऊ दिले. प्रार्थनेतील आर्त हाक प्रेमगीतांतून उमटली, 'रिस्पेक्ट' जगभर गाजले.

कीर्तीच्या शिखरावर असताना, जानेवारी १९७२ मध्ये, लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये तिने दोन रात्री भक्तिगीते ध्वनिमुद्रित केली. 'अमेझिंग ग्रेस' हा तिचा सर्वाधिक खपलेला संग्रह ठरला. तिने चर्च कधी सोडलेच नव्हते, असे पित्याने तेथेच सर्वांसमक्ष सांगितले.

२०१५ मध्ये फिलाडेल्फियात ती पोप फ्रान्सिस यांच्यासमोर गायली. २०१८ मध्ये निवर्तली.

त्या तरुणाला मी दोनदा निरोप धाडला. तो आला नाही.